अंगठी नसलेली शकुंतला

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर झाला. मराठी संगीत रंगभूमीचा जन्मदिवस म्हणून ही तारीख आपण पाठ केलेली असते. मात्र त्या रात्री सात अंकांपैकी पहिले चारच अंक झाले होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. चौथा अंक म्हणजे शकुंतलेची पाठवणी. कण्वांचा कंठ दाटून येतो, हरिणाचे पाडस पदर ओढते, आणि पडदा पडतो. पाचव्या अंकात राजसभेत तिचे काय झाले, ते त्या रात्रीच्या प्रेक्षकांनी पाहिलेच नाही. पुढे बाकीचे अंकही रंगभूमीवर आले हे खरे. तरी मला वाटते, आपल्या मनातले शाकुंतल अजूनही चौथ्या अंकापाशीच थांबलेले आहे. लग्नाच्या मांडवात कण्वाची आठवण हटकून निघते, पाचव्या अंकाची निघत नाही.

किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८४३ साली ते तेथे जन्मले आणि १८८५ साली तेथेच वारले. बेळगावास ते शिक्षक होते. मराठी आणि कन्नड हे दोन्ही सूर त्यांच्या कानांत बसलेले होते, म्हणून त्यांच्या नाटकांतल्या पदांना कानडी चाली सहज येऊन मिळाल्या. धारवाडच्या बाजूला चुरमुरी शेषगिरीरावांनी त्यांच्याही आधी शाकुंतल कन्नडमध्ये आणले होते, आणि तिकडे म्हैसूरला बसवप्पशास्त्र्यांचे कन्नड शाकुंतल गाजले. आमच्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनी या दोघांवर लिहावे, ही विनंती येथेच करून ठेवतो. दूधगंगेच्या अलीकडची शकुंतला कोणाची आणि पलीकडची कोणाची, हा वाद निदान या नाटकापुरता तरी उभा राहू शकत नाही.

परंतु माझा मुद्दा मुळाचा आहे. किर्लोस्करांचे मूळ कालिदास, हे शाळेतील पोरही सांगेल. कालिदासाचे मूळ कोणते? महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यान. ते उघडून वाचले तर पहिला धक्का बसतो तो हा, की तेथे अंगठी नाही. दुर्वासाचा शाप नाही. शचीतीर्थ नाही, कोळी नाही, मासा नाही. अनसूया-प्रियंवदाही नाहीत. दुष्यंत आश्रमात येतो तेव्हा कण्व फळे आणायला गेलेले असतात आणि शकुंतला एकटी असते. आपल्या जन्माची हकीकत ती स्वतः, न लाजता सांगते. राजा गांधर्वविवाहाची गोष्ट काढतो तेव्हा ती अट घालते : माझा मुलगा युवराज होईल असे वचन देत असाल तर. राजा 'हो' म्हणतो. पुढे कित्येक वर्षे त्याच्याकडून बोलावणे येत नाही. मुलगा सहा वर्षांचा होतो, सिंह-वाघांना झाडाला बांधून खेळू लागतो, तेव्हा कण्व तिला मुलासह हस्तिनापुरास धाडतात.

आणि सभेत दुष्यंत तिला नाकारतो. त्याला सारे आठवत असते! व्यास स्पष्ट सांगतात की आठवत असूनही तो म्हणाला, आठवत नाही. वर तिच्या आईचा, मेनकेचा उद्धार करतो. यावर शकुंतला मूर्च्छित पडत नाही. भर दरबारात ती राजाला सुनावते की आपण एकटेच होतो असे समजू नकोस, हृदयात बसलेला साक्षी सर्व पाहत असतो. हजार अश्वमेध एका पारड्यात आणि सत्य दुसऱ्यात टाकले तरी सत्यच जड भरते. तुझ्यामाझ्यात मेरू आणि मोहरी एवढे अंतर आहे, असेही ती ऐकवते, आणि यात मोहरी कोण ते सांगायला नकोच. शेवटी, तुझ्यावाचूनही माझा मुलगा या पृथ्वीचे राज्य करील, असे म्हणून ती चालू लागते. मग आकाशवाणी होते आणि राजा सभेला सांगतो : मला ठाऊकच होते, परंतु केवळ हिच्या शब्दावर मुलाला स्वीकारले असते तर लोकांनी शंका घेतली असती.

हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. केवळ हिच्या शब्दावर! दुष्यंताची अडचण विस्मरणाची नव्हतीच. बाईच्या शब्दाला सभेत किंमत नव्हती, ही खरी अडचण होती.

बौद्धांच्या जातककथांतही या गोष्टीची एक बहीण आहे, कट्ठहारी जातक. तेथे वनात लाकडे गोळा करणाऱ्या स्त्रीला राजा खुणेची अंगठी देतो. मुलगा झाल्यावर ती अंगठी घेऊन दरबारात येते, अंगठी हरवत नाही की मासा ती गिळत नाही, आणि तरीही राजा लाजेखातर साफ नाकबूल करतो. म्हणजे खूण हातात असूनही भागले नाही.

कालिदासाने येथे शाप आणला आणि राजाला एका फटक्यात दोषमुक्त केले. आमचे प्राध्यापक यास प्रतिभेची किमया म्हणतात, आणि नाट्यरचनेच्या दृष्टीने ती आहेच, कारण त्या विस्मरणातून सहाव्या अंकातील पश्चात्ताप उगवतो. कालिदासाची शकुंतलाही अगदीच मुकी नाही. राजाला 'अनार्य' म्हणण्याइतका ताठपणा तिच्यात आहे. तरीही हिशेब मांडला पाहिजे. मूळ कथेत प्रश्न होता : ही खरे बोलते, तर सभा तिचे का ऐकत नाही? नाटकात तो झाला : अंगठी कोठे गेली? खोटे बोलणारा राजा हरवला आणि त्याच्या जागी दुर्दैव आले. दुर्दैवावर रडता येते, त्याला जाब विचारता येत नाही.

रंगमंचाची ही सवय केवळ आपल्याकडची नाही. शाकुंतलाचे विल्यम जोन्सने १७८९ साली इंग्रजी केले, त्यावरून ते जर्मनीत गेले, गटेने ते डोक्यावर घेतले. १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात त्याचा बॅले झाला, म्हणजे शब्दावाचून केवळ नृत्याने सांगितलेले नाटक. कथा गोतिएची, नृत्यरचना ल्युसियां पेतिपाची. या ल्युसियांचा धाकटा भाऊ मारियुस पेतिपा रशियात गेला. 'नटक्रॅकर' या बॅलेचा कथाआराखडा त्याने केला, संगीत चायकोव्हस्कीने दिले आणि १८९२ च्या डिसेंबरात पीटर्सबर्गला त्याचा प्रयोग झाला. आज युरोप-अमेरिकेत नाताळ म्हटला की हा बॅले ठरलेला. अक्रोड फोडणारा लाकडी बाहुला, उंदरांशी लढाई, आणि मग मिठाईच्या राज्यात नाचच नाच.

त्याचे मूळ हॉफमान या जर्मन लेखकाची १८१६ सालची गोष्ट. १८४४ मध्ये फ्रेंच लेखक द्यूमाने ती आपल्या भाषेत, बरीच मवाळ करून सांगितली, आणि बॅले निघाला तो तीवरून. हॉफमानच्या गोष्टीत मारी नावाची लहान मुलगी रात्री पाहिलेले सारे घरच्यांना सांगते आणि घरचे तिला हसतात. ती पुरावाही दाखवते : सात डोक्यांच्या उंदीरराजाचे सात चिमुकले मुकुट. तिचा धर्मपिता म्हणतो, छे, हे तर माझ्या घड्याळाच्या साखळीचे, मीच तुला वाढदिवसाला दिले होते. पुन्हा हे बोललीस तर बाहुल्या फेकून देईन, असा बापाचा दम वेगळाच. बॅलेत यातले काहीच उरले नाही. मिठाई मात्र उरली.

शकुंतलेची अंगठी आणि मारीचे मुकुट ही सख्खी भावंडे होत. दोघींचे बोलणे खरे, दोघींना खूण मागितली जाते, आणि रंगमंच जेव्हा ती गोष्ट सणासुदीला उचलतो तेव्हा नेमका हाच भाग गाळतो किंवा मऊ करतो. सणाला आलेल्या माणसांना घरी जाताना अस्वस्थ करू नये, हा नाटकवाल्यांचा व्यवहार मी समजू शकतो. तिकिटे त्यांना खपवायची असतात. आम्हा विद्यार्थ्यांना कोणती तिकिटे खपवायची आहेत?

कोगनोळी-निपाणीकडे नांदवत नाहीत म्हणून माहेरी परत आलेल्या मुली कोणी पाहिल्या नाहीत असे नाही. पंचांपुढे, कचेरीपुढे त्यांना पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. लग्नाचा दाखला आहे का? फोटो आहे का? सासर कागलकडचे आणि माहेर इकडचे असेल तर कोणत्या राज्याचा कागद, हा आणखी एक फेरा. अशा मुलीला आपण कण्वाची पाठवणी ऐकवतो आणि डोळे पुसतो. तिच्या कामाचा भाग तर त्यापुढे सुरू होतो.

म्हणून सूचना अशी. स्नेहसंमेलनात दरवर्षी शाकुंतलातील पाठवणीचा प्रवेश होतो, तो एक वर्ष बाजूला ठेवावा आणि त्याऐवजी आदिपर्वातील राजसभेचा प्रवेश करावा. पुण्याच्या भांडारकर संस्थेची, सुकथनकरांनी संपादिलेली आदिपर्वाची प्रत प्रमाण मानता येईल. भाषांतर आम्ही विद्यार्थीच करू. शकुंतला मराठीतून बोलेल आणि दुष्यंत कन्नडमधून, किंवा उलट, समोर बसलेल्यांना दोन्ही समजतातच. नेपथ्याला एक सिंहासन पुरे. अंगठीचा खर्च नाही.