पहिलीच्या उंबरठ्याअलीकडचा विद्यार्थी

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या दिवशी पहिलीच्या वर्गात आलेल्या मुलाचे शिक्षण आजपासून सुरू झाले, असे शाळेचा हजेरीपट सांगतो. वस्तुतः त्याच्या शिक्षणाची तीन वर्षे तोवर होऊन गेलेली असतात. ती अंगणवाडीत गेली, तळमजल्यावरच्या एखाद्या ‘प्ले स्कूल’मध्ये गेली, की आईबापांच्या कामाच्या जागी लाकडाच्या भुशात खेळण्यात गेली, याची विचारपूस सहसा होत नाही. आणि मग दिवाळीपर्यंत ‘मूल मागे आहे’ असा शेरा मात्र बसतो!

नागपूरचे लकडगंज हे नावाप्रमाणेच वखारींचे आणि आरा गिरण्यांचे क्षेत्र. गुजराती व्यापारी, जुनी मराठी कुटुंबे, हिंदी बोलणारे कारागीर आणि पूर्व नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेले छत्तीसगढी श्रमिक यांचा येथे शेजार आहे. अशा भागातील शाळेत पहिलीच्या एका वर्गात चार घरभाषा एकत्र येऊ शकतात. हे मुख्याध्यापकांना प्रवेशाच्या दिवशी कळणे आणि वर्षभर आधी ठाऊक असणे, यांत मोठे अंतर आहे.

अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, शाळा शिक्षण विभागाची. तेव्हा ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर तयारच असते. ते कागदावर खरेही आहे. परंतु 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एकच पायाभूत स्तर मानला, अंगणवाड्या शाळासमूहांशी जोडाव्यात आणि तेथील मुले, पालक व सेविका यांना शाळेच्या कार्यक्रमांना बोलवावे, असे म्हटले. यासाठी मुख्याध्यापकांना कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. जवळच्या अंगणवाडीतील मुले महिन्यातून एकदा पहिलीच्या वर्गात येऊन बसली, तर जूनमधले निम्मे रडणे आपोआप थांबेल.

खरी परीक्षा आहे ती पालकांसमोर. साडेतीन वर्षांच्या मुलाने शंभरपर्यंत अंक लिहावेत, ही सुशिक्षित घरांतूनच येणारी मागणी आहे. ती नाकारली तर पालक पलीकडच्या शाळेत जातील, ही संस्थाचालकांची भीती खोटी नाही. मराठी शाळांची पटसंख्या घसरत असताना तर ती अधिकच बोचते. तरीही येथे मुख्याध्यापकांनी ठाम राहिले पाहिजे. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातील आठ लहान हाडांपैकी बहुतेक अजून कूर्चेच्या अवस्थेत असतात. त्या हाताला चिखल, मणी, कणकेचा गोळा हवा, दुरेघी वही नव्हे. परंपरेचा दाखला द्यायचा तर विद्यारंभ संस्कार पाचव्या वर्षी सांगितला आहे, तिसऱ्या नव्हे. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याने पंचकोशाची संकल्पना स्वीकारली, याचे स्वागत झाले. पण अन्नमय आणि प्राणमय कोश वगळून थेट बाराखडीवर उडी घेणाऱ्या शाळेने त्या संकल्पनेचा फलक लावू नये. प्रवेशाच्या वेळी मुलांची वा पालकांची चाचणी घेण्यास तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी केली असून पहिल्या उल्लंघनास 25 हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. ‘सहज गप्पा’ या नावाखाली होणारी मुलाखत मुख्याध्यापकांच्या अनुमतीवाचून होत नाही, हे कोणी सांगायला नको.

हा विचार परका नाही आणि नवाही नाही. गिजुभाई बधेका वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळले. 1920 मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर उभे केले. ताराबाई मोडक राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. ती खुर्ची सोडून त्या गिजुभाईंच्या कामात गेल्या आणि 1945 मध्ये बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ तेथेच त्यांना मिळाल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. महागडी माँटेसरी साधने परवडणारी नव्हती. म्हणून शंख, शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली.

लकडगंजमध्ये तर साधन दारातच पडलेले आहे. आरा गिरणीत उरणारे सागवानाचे तुकडे रंधून, पॉलिश पेपरने घासून, कोपरे गोल करून घेतले की उत्तम ठोकळे होतात. मुख्याध्यापकांनी एखाद्या वखारमालकाला शब्द टाकला, तर तो नाही म्हणणार नाही. एखाद्या पालक-सुताराला अर्धा दिवस बोलावून मानाने काम सांगितले, तर त्याच्या मुलाचीही मान वर्गात उंच होईल. (हे ठोकळे तपासणीच्या दिवसासाठी कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत, एवढे मात्र पाहावे लागेल.)

आणखी एक दुखणे आहे. अनुदानित शाळांच्या बालवाडीला सामान्यतः वेतन अनुदान नसते. फीमधून जे उरेल त्यात बालवाडीच्या ताईंचे मानधन भागते. शाळेच्या सर्वांत कोवळ्या मुलांना सांभाळणारी व्यक्ती सर्वांत कमी मानधनाची, आणि शिक्षक सभेच्या बैठकीत तिला खुर्चीही नसते. मानधन वाढवणे संस्थेच्या हाती. खुर्ची देणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. मार्चमध्ये पहिलीच्या वर्गशिक्षिकेला आणि या ताईंना एकत्र बसवून प्रत्येक मुलाविषयी चार वाक्ये लिहून घ्यावीत: घरी कोणती भाषा बोलते, कशाला घाबरते, कोणता खेळ आवडतो, कोणाशेजारी बसले की शांत राहते. चाळीस मुलांसाठी चाळीस कागद पुरतील, आणि ते जूनमध्ये वर्गशिक्षिकेच्या टेबलावर असावेत.