नांव काय ?

धर्मापुरीचें केदारेश्वराचें देवालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस तेथील बाह्य भिंतीवरील सुरसुंदरींचें विस्मरण होणें कठिण. त्याच गांवचा एक विद्यार्थी हल्लीं वृत्तछायाचित्रणाचा अभ्यास करीत आहे. दिवाळीच्या सुटींत तो आपलीं चित्रें दाखवावयास आमचेकडे आला होता. मूर्तींचीं चित्रें सकाळच्या तिरप्या उन्हांत घेतल्यामुळें दगडांतील वळण न् वळण उठून दिसत होतें. शेवटलें चित्र मात्र निराळें : ऊसतोडीस निघालेली एक स्त्री, मांडीवर मूल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत भांडींकुंडीं.

"हिचें नांव काय ? कोणत्या कारखान्यास निघाली ?" आम्हीं विचारिलें.

"गुरुजी, तेवढ्यांत ट्रॉली निघून गेली."

सुरसुंदरीचें नांवावांचून कांहीं अडत नाहीं. ही बाई मात्र वर्तमानपत्रांत नांवाविना गेली, तर कोणत्याहि दुष्काळाच्या बातमीवर चिकटविली जाईल. अकोल्याचे सुधारक ओलवे मुंबईस जे. जे. मध्यें शिकले. महापालिकेच्या सफाई-कामगारांचीं छायाचित्रें त्यांनीं कामावर घेतलीं, तशीं त्यांच्या घरींहि घेतलीं. 2016 सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. घरीं जावयाचें म्हणजे नांव विचारावेंच लागतें !

संपादकास चित्र सायंकाळच्या आंत हवें असतें, हें विद्यार्थ्याचें म्हणणें खोटें नाहीं. तरी तूर्त तें कोठेंहि न धाडण्याचें त्यानें कबूल केलें आहे. टोळ्या चैत्राच्या सुमारास परततात. तेव्हां चित्राची एक प्रत घेऊन तो वस्त्यांवरून तिचा शोध करणार आहे.