झाडांच्या माता

पेरूचे चित्रकार पाब्लो अमारिंगो (1938–2009) यांच्या आयुष्याचा मोठा काळ पुकाल्पा या शहरात गेला. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात उकायाली नदीकाठी हे शहर आहे. 1940च्या दशकात राजधानी लिमाहून तिथे रस्ता पोहोचला आणि पुढे पुकाल्पा लाकूडव्यापाराचे मोठे केंद्र झाले. सभोवतालचे रान तुटत असताना अमारिंगो ते रंगवत होते.

अमारिंगो मूळचे वैदू. आयावास्का ही वेल आणि चाक्रुना या झुडपाची पाने एकत्र उकळून केलेला काढा हे तिथल्या वैदूंचे मुख्य साधन. दृश्ये दिसतात ती पानांतल्या द्रव्यामुळे. पण नुसती पाने पोटात गेली, तर शरीरातील विकरे त्या द्रव्याचे विघटन करतात आणि काहीच घडत नाही. वेलीतील द्रव्ये या विकरांना रोखून धरतात. एवढ्या अफाट रानातून नेमकी ही जोडी कशी सापडली, यावर वैदूंचे उत्तर ठरलेले असते: वनस्पतींनीच शिकवले. प्रत्येक महत्त्वाच्या झाडाला, नदीला, डोहाला स्वतःची माता असते आणि ज्ञान तिच्याकडून मिळते, अशी त्यांची श्रद्धा आहे.

1970च्या दशकात अमारिंगो यांनी उपचार करणे सोडले. निसर्गदृश्ये रंगवून, विकून ते गुजराण करीत. 1985मध्ये मानववंशशास्त्रज्ञ लुईस एदुआर्दो लुना त्यांना भेटले आणि पूर्वी पाहिलेली दृश्ये कागदावर आणण्यास त्यांनी सुचवले. म्हणजे ही चित्रे नशेच्या भरातली नव्हेत; ती स्मरणातून, सावकाश आणि काटेकोरपणे घडलेली आहेत. दोघांचे पुस्तक 1991मध्ये प्रसिद्ध झाले.

या चित्रांत रिकामी जागा जवळजवळ नसतेच. पाण्याची माता याकुमामा ही प्रचंड सर्पिणी, रानाची माता साचामामा, सापाचे रूप घेणाऱ्या बोटी, पगोडे, देवदूत, उडत्या तबकड्याही त्यांत एकत्र नांदतात. अद्भुताची ही गर्दी पाहून डोळे दिपतात आणि खरी गोष्ट निसटते. काढा पिणाऱ्यांभोवतीचे रान अमारिंगो निरीक्षकाच्या नजरेने रंगवतात: पानांची ठेवण, खोडाची साल, पक्ष्यांचे रंग. त्यांच्या श्रद्धेत झाड तुटले की त्याची माताही निघून जाते आणि तिच्यासोबत औषधही. त्यामुळे पर्यावरणाचा इशारा या चित्रांना बाहेरून चिकटवावा लागत नाही. कुऱ्हाड किंवा जळते रान न दाखवताही, काय काय गमावले जाणार आहे याची मोजदाद ती करतात. घोषणाफलकासारख्या चित्रांपेक्षा ही मोजदाद अधिक अस्वस्थ करते.

1988मध्ये अमारिंगो आणि लुना यांनी पुकाल्पात 'उस्को-आयार' ही चित्रशाळा काढली. गावातल्या मुलांना तिथे विनाशुल्क शिकवले जाई. आधी झाड, प्राणी, पाणी मनात स्पष्ट उभे करायचे, मगच ब्रश उचलायचा, अशी शिकवण्याची रीत होती. चित्रविक्रीतून विद्यार्थ्यांना उत्पन्न मिळे आणि अ‍ॅमेझॉनच्या वनस्पती-प्राण्यांची चित्रनोंदही होत जाई. या कामासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 1992मध्ये अमारिंगो यांना 'ग्लोबल 500' पुरस्कार दिला.