आजीची लॅटिन आणि कोसाडची इंग्रजी

आज जरा लांब लिहिते, वाचून घ्या.

माझं माहेर वसईचं, पण गेली कित्येक वर्षं आम्ही सुरतला, कोसाडला राहतो. रविवारी तापी ओलांडून मिस्सेला जातो. इथे मिस्सेला ख्रिस्तयज्ञ म्हणतात, कारण सगळी उपासना गुजरातीत. सुरुवातीला फार चुकल्यासारखं व्हायचं. आता प्रभूची प्रार्थनासुद्धा तोंडात आधी गुजरातीतच येते.

आमच्याकडे हल्ली एक विषय निघालाय. सकाळची मुख्य मिस्सा इंग्रजीत करावी म्हणतात. मिस्सेनंतर सगळ्यांना थांबवून बैठक झाली. मुलं इंग्रजी माध्यमातली, त्यांना गुजराती वाचता येत नाही. मल्याळी, तमिळ, गोव्याची कुटुंबं आहेत, त्यांना इंग्रजी सोयीची. मुद्दे खोटे नाहीत. माझा मुलगाही त्याच बाजूचा. म्हणून मी तिथे गप्प बसले.

परत येताना सिटी बसमध्ये कोसाड आवासात राहणारी एक गामीत बहेन शेजारी बसली. सातवीपर्यंत शिकलेली, चार घरची कामं करते. तीन महिन्यांपूर्वी फादरांनी तिचं नाव वाचनाच्या यादीत घातलं. तेव्हापासून शनिवारी ती माझ्याकडे सराव करायला येते. संत पौलाच्या पत्रातली लांबलचक नावं बोट ठेवून ठेवून वाचते. ती हळूच म्हणाली, “एटले मारुं वांचन गयुं ने?”

म्हणजे माझं वाचन गेलंच ना?

मला काही उत्तर सुचेना. मला आजी आठवली.

आजी लाल लुगड्यातली, कुपारी. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये. फादर लोकांकडे पाठ करून वेदीशी उभे, उत्तरं सेवेकरी पोरं घोकून देणार आणि देवळात बसलेली माणसं आपापली रोझरी म्हणत राहणार. घंटा वाजली की डोकं खाली. आजीची श्रद्धा कमी नव्हती, पण तिथे तिला बोलायचं काही कामच नव्हतं.

मग दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, १९६२ ते १९६५. उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ ला जाहीर झाला. त्यात लॅटिनला हाकललं नव्हतं, पण लोकभाषेला दार उघडलं. कारण साधं होतं: उपासनेत सगळ्यांनी समजून-उमजून, मनापासून भाग घ्यावा. पुढच्याच वर्षी डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईच्या युखारिस्टिक काँग्रेसला आले. आजी त्यांना बघायला गेली होती. गर्दीत एक पांढरा ठिपका दिसला म्हणायची. पण मिस्सा मराठीत सुरू झाली ते सांगताना तिचा आवाज बदलायचा. “आता माझं मला कळतं,” म्हणायची. पुस्तकातली मराठी तिच्या कादोडीपासून तशी लांबच, पण कानाला ओळखीची. गुजरातीसुद्धा त्या बहेनची घरची बोली नाही. तिचंही तसंच आहे.

वसईत पुढे जे उभं राहिलं ते या दारातूनच आलं, असं मला वाटतं. आपल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ चालवलं, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं, आणि २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वेदीवरची भाषा आणि लोकांची भाषा एक झाली नसती तर हे घडलं असतं का?

माझा इंग्रजीवर राग नाही. पण आपल्या देवळात ती नवी लॅटिन व्हायला नको. तेव्हा लॅटिन कुणालाच कळत नव्हती, निदान सगळे एका रांगेत होते. आता इंग्रजी अर्ध्यांना कळेल आणि अर्ध्यांना नाही. ज्यांना कळणार नाही ते कोण, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. ते बैठकीत उठून बोलत नाहीत. ते मागच्या बाकावर रोझरी काढतील.

मुलांचा प्रश्न खरा आहे. त्यांच्यासाठी संध्याकाळी इंग्रजी मिस्सा ठेवा. मुख्य मिस्सेत एखादं गीत मराठीत, एखादं मल्याळममध्ये होऊ द्या. पण आमची मुलं शाळेत चार भाषा शिकतात, आणखी एका लिपीची बाराखडी त्यांना जड नाही. मी दुकानांच्या पाट्या वाचत शिकले. त्या बहेनला या वयात इंग्रजी शिक म्हणणं मात्र अन्याय आहे.

सामान्य माणसाला विचारायला देवळात बैठक होते, हेही त्या परिषदेचंच देणं. मग त्या बैठकीत गप्प बसून मी काय मिळवलं?

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. मुलगा रागावला तरी चालेल, मी उभी राहून बोलणार आहे. आणि शनिवारी ती सरावाला येणार आहे, तिला तसा निरोप धाडलाय.