मुलग्यांची मैदानावर रवानगी




माध्यमिक शाळांतून लैंगिक आरोग्याचे शिक्षण द्यावे की नाही, हा वाद आपल्याकडे वरचेवर उफाळून येत असला, तरी जे थोडेफार शिक्षण आज दिले जाते त्यातून मुलग्यांना सरसकट वगळले जाते, याची दखल उभय पक्षांपैकी कोणीच घेतलेली दिसत नाही. वर्षातून एकदा कोणी डॉक्टरीणबाई येतात, दारे-खिडक्या लावून मुलींना मासिक पाळीविषयी सांगतात, नॅपकिनची पाकिटे वाटली जातात. आणि तेवढा वेळ मुलग्यांची चेंडू देऊन मैदानावर रवानगी होते. दप्तरात पाकीट दडवीत बाहेर पडणाऱ्या मुलींना पाहून मुलगे हसतात, त्याचा दोष मी त्यांना देणार नाही. आत काही लाजिरवाणे चालले आहे, हे शाळेनेच दार लावून त्यांना शिकविलेले असते.

शासनाने काहीच तजवीज केलेली नाही, असे नाही. आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, शक्यतो एक स्त्री व एक पुरुष, आरोग्यदूत म्हणून नेमावेत असे ठरलेले आहे, आणि दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननाचा पाठही आहे. परंतु तो ‘घरी वाचून या’ एवढ्यावर उरकण्याची वहिवाट पुष्कळ ठिकाणी पडलेली असून, पुरुष आरोग्यदूत त्या तासाला बहुधा मैदानावर शिटी वाजवीत असतात.

स्वप्नावस्थेने भेदरलेला मुलगा मग विचारणार कोणास? पूर्वी त्याला एस. टी. स्थानकाच्या भिंतीवरील गुप्तरोगतज्ज्ञांच्या जाहिराती गाठीत. आता खिशातला मोबाईल गाठतो. र. धों. कर्वे यांनी 1927 साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या असल्याच शंकांना उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला गुदरला आणि 1934 मध्ये डॉ. आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. त्यानंतर सात दशके लोटल्यावर, 2007 साली, याच महाराष्ट्र राज्याने शाळांतील किशोरशिक्षणाचा कार्यक्रम स्थगित केला!

याहून गंभीर बाब कायद्याची. 2012 च्या पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्यान्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ही संमतीच मानली जात नाही. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ज्यास प्रेमप्रकरण समजतो त्यापायी तो बाल न्याय मंडळापुढे उभा राहू शकतो, आणि अनेकांना या कलमांचा पहिला परिचय पोलीस ठाण्यातच होतो. ज्या कायद्याने मुलाला बांधावयाचे तो त्याला आगाऊ सांगावयाचाही नाही, हा कोणता न्याय?

मुलींना मोकळेपणाने विचारता यावे म्हणून वर्ग वेगळे ठेवण्यास माझी हरकत नाही. पालकांची धास्तीही मी खोटी म्हणणार नाही; जे शिकवावयाचे ते आधी पालकसभेत दाखवावे, म्हणजे निम्मा विरोध तेथेच मावळेल. शिक्षकांना संकोच वाटत असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातील आरोग्यसेवकास बोलवावे. मात्र मुलींचे व्याख्यान ज्या दिवशी, ज्या तासाला असेल, त्याच तासाला शेजारच्या वर्गात मुलग्यांचाही तास लागला पाहिजे, आणि तो न झाल्यास शिक्षणाधिकाऱ्यांनी वार्षिक तपासणीत तसा शेरा मारून मुख्याध्यापकांकडून लेखी खुलासा मागवावा.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक, सातारा