पेटंटच्या पूर्ण अर्जात कारागिराचे नाव कुठे आहे?

आरमोरी-नागभीडकडचा टसर आम्ही तीस वर्षे घेतो-विकतो. ऐन-अर्जुनाच्या झाडावरचा कोसा, तो उकळून काढलेला धागा, हाताला लागला की कळतो. आमच्या ओळखीच्या एका बुजुर्ग कारागिराने, चाचांनी, कोसा उकळण्याच्या रीतीत थोडा बदल केला. धागा कमी तुटू लागला. एका कॉलेजचे सर दोन दिवस येऊन बसले, सारे वहीत उतरवले, चहा घेऊन गेले. पुढे पेटंटचा अर्ज झाल्याचे कानी आले. चाचांचे नाव त्यात नाही.

आमचा राग शिक्षणावर नाही. गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, चिचपल्लीला बांबूचे संशोधन केंद्र आहे. तिथून शोध निघावेत, माल सुधारावा, हे आम्हालाही हवेच. पण अर्ज कसा होतो हे आपल्या लोकांनी समजून घ्यावे.

आधी तात्पुरता अर्ज देऊन तारीख पकडता येते. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत पूर्ण अर्ज द्यावा लागतो, नाही तर पहिला अर्ज सोडून दिला असे धरतात. खरे काम या पूर्ण अर्जात. शोध काय, तो करण्याची उत्तम रीत कोणती, हक्क नेमका कशावर मागतो, सारे लिहायचे. जंगलातला जैविक माल वापरला असेल तर तो कुठला, हेही. आणि खरा शोधक कोण, हेसुद्धा.

इथेच आमचा सवाल आहे. रीत चाचांनी नव्याने काढली असेल तर शोधक चाचा. ती साऱ्या वस्तीची जुनी रीत असेल तर १९७० च्या कायद्याचे कलम ३ सांगते की पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. दोन्हीकडून सरांचे एकट्याचे नाव टिकत नाही.

१९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्यावर अमेरिकेत पेटंट मिळाले होते. आपल्या सीएसआयआरने ते लढून १९९७ साली रद्द करवले. पुराव्यात संस्कृत, हिंदीबरोबर उर्दू लिखाणही होते. उर्दू शाळेत शिकलेल्या आम्हाला हे वाचून किती बरे वाटले, काय सांगावे! पण हळद पुस्तकात होती. चाचांची रीत कुठल्या पुस्तकात आहे?

आपल्या कायद्यात वस्तीतले तोंडी ज्ञानही हरकतीला चालते. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मंजूर होण्यापूर्वी, कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. मात्र दाखवायला काही हवे. म्हणून आम्ही चाचांच्या मुलाला वही आणून दिली आहे. रीत, तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या. आता कोणी सर आले तर आधी कागदावर ठरेल, मग चहा.