भरती नसलेला समुद्र

परीक्षा जवळ आल्या की आपल्या वाचनालयात दर दुसऱ्या विद्यार्थ्याच्या कानात इअरफोन दिसतो आणि त्या इअरफोनात, विचारून पाहिले तर, समुद्र असतो. लाटांचा आवाज, त्यावर सिंथेसायझरचा लांबच लांब ओढलेला सूर, मधूनच एखादी बासरी, आणि फारच हौशी निर्माता असला तर दूरवरून देवमाशाची हाक. या प्रकाराला ‘न्यू एज’ संगीत म्हणतात. मराठीत ‘नवयुगीन’ म्हणू या, जरी हे युग सुरू होऊन आता पन्नासावर वर्षे झाली. त्याच्या वेष्टनावर, म्हणजे आताच्या काळात मोबाइलच्या पडद्यावर, एक वाक्य ठरलेले असते : विश्रांतीसाठी आणि चिंतनासाठी.

विश्रांतीबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. माझे भांडण आहे ते त्या ‘आणि चिंतनासाठी’ या शेपटाशी.

मी वागळे इस्टेटमध्ये राहतो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याचे पहिले औद्योगिक क्षेत्र म्हणून आमची वसाहत उभी राहिली, हे शाळेत आम्हांला अभिमानाने सांगत. पुढे कित्येक मोठे कारखाने बंद पडले, भोंगे थांबले, त्या जागी काचेच्या इमारती आल्या. पण छोटे गाळे आहेतच. लेथ आहेत, ग्राइंडर आहेत, पत्र्याला भोके पाडणारे पॉवर प्रेस आहेत. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून असाच एक गाळा आहे. बाबा रात्रपाळीला असतात, सकाळी आठला घरी येतात, आणि साडेनऊला प्रेस सुरू होतो. धाड. थोडा वेळ शांतता. पुन्हा धाड. ही मधली शांतताच अधिक वाईट, असे बाबा म्हणत. पुढच्या ठोक्याची वाट पाहण्यातच झोप निघून जाते. दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीने त्यांच्या उशाशी मोबाइल ठेवून समुद्र लावला. बाबा झोपले! तेव्हापासून रोज सकाळी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत समुद्र असतो. त्यामुळे या आवाजाची टिंगल करण्याचा मला मुळीच अधिकार नाही, आणि इच्छाही नाही.

हे का घडते याचे कारणही काही गूढ नाही. झोपेतही कान मिटत नाहीत. सतत चालणाऱ्या आवाजाला मेंदू सरावतो. तो दचकतो ते अचानक होणाऱ्या फरकाला. लाट फुटते तेव्हा खालच्या घरघरीपासून वरच्या सळसळीपर्यंत सगळे स्वर एकदम, सरमिसळ होऊन येतात, हळूहळू चढतात आणि हळूहळू ओसरतात. त्या जाड पडद्याआड प्रेसचा ठोका बुडून जातो. पंख्याचा आवाजही थोडेफार हेच काम करतो.

पण पडदा म्हणजे शांतता नव्हे. खोलीतला आवाज कमी झाला नाही, उलट वाढला! आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, तर औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७०. आता आमच्या घराची भिंत साडेचार इंचांची. भिंतीच्या अलीकडची बाजू ५५ ची आणि पलीकडची ७५ ची, असे मानायचे काय? हा प्रश्न चाळीत अधूनमधून निघत असे. कोणाला तरी अर्ज लिहायचे होते, कोणाला गाळेवाल्याशी बसून वेळ ठरवून घ्यायची होती. समुद्र आल्यापासून आमच्या घरापुरता तरी हा विषय संपला. बाबांना झोप मिळाली आणि प्रेस तसाच राहिला. हे मला खटकते. आपण ज्याला मनाची शांती म्हणून घेतो, ती पुष्कळदा बाहेरच्या गोंगाटाला दिलेली मूक संमती असते. आणि असल्या संमतीला कोणी ‘चिंतन’ म्हणू लागला, तर एका कलाशाखेच्या विद्यार्थ्याने थोडे तरी अडखळावे की नाही?

हा समुद्र आला कोठून, हेही पाहण्याजोगे आहे. १९६९ साली अमेरिकेत अर्व्ह टायबेल या गृहस्थाने ‘एन्व्हायरन्मेंट्स’ नावाच्या मालिकेतली पहिली तबकडी काढली. तिच्या एका बाजूस नुसता समुद्र होता आणि नाव होते ‘सायकॉलॉजिकली अल्टिमेट सीशोअर’. म्हणजे मनाच्या दृष्टीने याहून सरस किनारा होणे नाही! कल्पना सुचली ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ब्रायटन बीचवर, एका चित्रपटासाठी लाटांचे ध्वनिमुद्रण करताना. खरा समुद्र जसाच्या तसा पुरेसा ‘समुद्रासारखा’ वाटेना, म्हणून तो संगणकातून काढून दुरुस्त करण्यात आला. हे मला फार बोलके वाटते. विश्रांतीचा समुद्र जन्मालाच आला तो सुधारून. त्यात वारा बदलत नाही, कोणी हाक मारीत नाही, पाणी चढत नाही की उतरत नाही. आठ तास ऐका, भरती येणार नाही.

दुसरा एक ब्रायटन आपल्या परिचयाचा आहे. इंग्लंडमधल्या त्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर १९०९ साली सावरकरांना ‘सागरा प्राण तळमळला’ हे गीत स्फुरले. पुढे हृदयनाथ मंगेशकरांनी त्याला चाल दिली आणि ते घरोघर पोचले. सावरकरांच्या राजकारणाविषयी आपल्यांत मतभेद आहेत आणि असावेत. येथे मुद्दा समुद्राचा आहे. त्या गीतातला माणूस समुद्राला विनवतो, त्याने फसवले म्हणून दोष देतो, आणि अखेर अगस्तीची आठवण देऊन धमकावतोसुद्धा. ही धमकी काय पार्श्वसंगीताला देता येते? तसेच कोळीगीतांचे. शांताबाई शेळके यांनी लिहिलेले, लताबाईंनी गायिलेले ‘वादळवारं सुटलं गो’ आठवा. चाल कशी डोलवते! पण शब्दांकडे लक्ष गेले की कळते, वादळात आपल्या माणसाने होडी लोटली आहे आणि बाई किनाऱ्यावर आहे. आपल्या भाषेत समुद्र आला की त्याच्यासमोर कोणीतरी उभे असते. त्या दुरुस्त केलेल्या समुद्रासमोर कोणीच नाही.

आमची आजी मालवणकडची. समुद्राच्या आवाजाला तिच्या बोलीत शब्द होता तो ‘गाज’. गाज कोणत्या बाजूने येते, जवळून येते की लांबून, यावरून ती पावसाचा अंदाज बांधी. अंदाज दर वेळी खरा ठरे असे मी म्हणणार नाही. पण ती ऐके, हे खरे. उधाण आणि भांग हे शब्दही तिचेच : अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती ते उधाण, आणि अष्टमीच्या सुमाराची मंद, ती भांगाची. गाज ऐकत ती झोपतही असे, यात शंका नाही. मात्र झोपेतसुद्धा तिला काहीतरी कळत असावे.

एक मित्र म्हणाला, “अरे, संगीत विश्रांतीसाठी असू नये असा नियम आहे का? अंगाई काय आहे मग?” प्रश्न रास्त आहे. पण अंगाई एका बाळासाठी एक माणूस गातो, आणि बाळ झोपले की गाणारी थांबते. थांबणे हा अंगाईचाच भाग आहे. मोबाइलमधला समुद्र आपण झोपल्यावरही वाजतच राहतो, कारण आपण झोपलो की जागे आहोत याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आणि ज्या समाजाने झोपवण्यासाठी अंगाई केली, त्याच समाजाने उठवण्यासाठी भूपाळी केली, हेही त्या मित्राने ध्यानात घ्यावे.

नवयुगीन संगीताची एक शाखा तर आपल्या पुण्यातच वाढली आहे. ड्यूटर नावाचा जर्मन संगीतकार १९७० च्या दशकात पुण्यास रजनीशांच्या आश्रमात येऊन राहिला आणि तेथल्या ध्यानपद्धतींसाठी त्याने ध्वनिफिती तयार केल्या. त्या आश्रमाविषयी कोणाचे काहीही मत असो (माझे फारसे चांगले नाही). पण तेथल्या ‘कुंडलिनी’ ध्यानाची रचना पाहा. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार टप्पे. पहिल्यात अंग हलवायचे, दुसऱ्यात नाचायचे, तिसऱ्यात संगीत चालू असताना स्तब्ध राहायचे, आणि चौथ्यात संगीतच नाही. नुसते पडून राहायचे. म्हणजे ज्यांनी हे सुरू केले त्यांनाही ठाऊक होते की ऐकणाऱ्याने काही केले पाहिजे आणि शेवटी आवाज बंद झाला पाहिजे. आज बाजारात आलेल्या आठ-आठ तासांच्या लाटांतून नेमका हा चौथा टप्पाच गळाला आहे.

आणि समुद्राचा आवाज माणसाला झोपवतोच असेही नाही. १९७० साली रॉजर पेन यांनी ‘साँग्ज ऑफ द हंपबॅक व्हेल’ ही तबकडी काढली. १९७९ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने त्यातला भाग एका पातळ तबकडीवर घालून एक कोटीहून अधिक अंकांबरोबर घरोघरी पाठविला. देवमासा गातो हे ऐकून माणसे अस्वस्थ झाली. देवमाशांच्या कत्तलीविरुद्ध जी चळवळ उभी राहिली तिच्यात या आवाजाचा मोठा वाटा होता, आणि १९८२ साली व्यापारी शिकार थांबविण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय झाला. तोच देवमासा आता आपल्याला झोप यावी म्हणून बासरीच्या मागे हाका मारतो आहे!

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीची ओळख म्हणून एक सोनेरी तबकडी अंतराळात गेली. तिच्यावर मराठीतला नमस्कार आहे. गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांचा आवाजही आहे. याने उडाली ती ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. निवड करणाऱ्यांनी लाटांना पाऊस, वारा, ज्वालामुखी यांच्या पंगतीस बसविले आणि केसरबाईंना संगीताच्या. माझ्या मते हा विवेक आपणही ठेवावा. समुद्र ऐकायचा तर समुद्र द्या, गाणे ऐकायचे तर गाणे द्या. दोन्ही पातळ करून एकत्र केले की समुद्रही जातो आणि गाणेही. शिवकुमार शर्मांनीही ‘वॉटर’ या नावाने पाण्यावर वादन केले आहे. पण संतूर पुढे बसून ऐकावे लागते, तो विषय निराळा.

बाबांचा समुद्र मी बंद करणार नाही. गाळेवाल्याशी वेळेबद्दल बोलायला मात्र चाळीतले आम्ही चौघे येत्या रविवारी जाणार आहोत. प्रेस दुपारी बारानंतर सुरू झाला तरी पुष्कळ.

आता संगीत मंडळाला एक सूचना. दर वर्षी आपण कार्यक्रमासाठी सभागृह शोधतो. या वर्षी एका अमावास्येला, उधाणाच्या भरतीची वेळ पाहून, ठाण्याच्या खाडीवर जाऊ या. २०१५ साली या खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले आणि २०२२ साली तिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, पण आपल्यापैकी किती जणांनी तिच्या काठी अर्धा तास काढला आहे? तेथे लाटा नाहीत. तिवरांच्या मुळांत पाणी शिरतानाचा बारीक आवाज आहे, पुलावरून जाणारी लोकल आहे, विमाने आहेत, कुजका वासही आहे. मोबाइल बंद ठेवून ऐकायचे, आणि मग चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या जुन्या जाणत्या माणसाला विचारायचे की या पाण्याच्या आवाजांना त्यांच्याकडे कोणकोणते शब्द आहेत. मिळतील ते शब्द पुढच्या अंकात छापू. येणाऱ्यांनी चपला जुन्या घालाव्यात, चिखल घोट्यापर्यंत असतो.